राहू द्या म्हणजे घ्यायची का नाही

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे औंढ्याला जाऊन एक जुनी गाडी पाहिली. हरभऱ्याचे घाटे भरत आले होते, शेतात घाईचं काही नव्हतं, म्हणून गेलो. पुढं काय वाढून ठेवलंय हे माहीत असतं तर गाडी पाहत बसलो नसतो. पण माहीत नव्हतं, आणि तेच बरं झालं. दिवस हसत गेला.

गाडी काहून पाहिजे होती ते आधी सांगतो. आमच्या गावात एसटी येत नाही. फाट्यापर्यंत चालत जायचं, आणि तिथं उभं राहून येईल त्याला हात करायचा. मी तरुणपणी ट्रॅक्टर चालवला, मग पुष्कळ वर्षं हिंगोली ते औंढा काळी-पिवळी जीप चालवली. जीप विकल्यावर मोटारसायकल होती. पण माझ्या कंबरेनं दगा दिला आणि डॉक्टरनं दुचाकी बंद केली. तिचे गुडघे तर त्याच्याही आधी गेले होते. तिला मोटारसायकलवर बसवायचं म्हणजे निम्मी गल्ली गोळा व्हायची. पोरीकडं कळमनुरीला जाणं, तिच्या माहेरी साखऱ्याला जाणं, सगळं कमी होत चाललं होतं. पुण्याचं पोरगं दर फोनला म्हणायचं, दोघं इकडंच या. आम्ही म्हणायचो, पाहू. दारात गाडी असती तर पुण्याला जायची गरज पडणार नव्हती. इथं राहायचं असलं तर गाडी पाहिजे, एवढा सरळ हिशेब होता.

औंढ्यातल्या एका गुरुजींची गाडी विकायची आहे असं कळलं. हे गुरुजी पूर्वी पूजा सांगायला माझ्याच जीपमधून गावोगाव जायचे. पुढं त्यांनी स्वतःची लहान पांढरी गाडी घेतली आणि माझं एक गिऱ्हाईक गेलं. आता त्यांच्या मुलानं त्यांना नवी घेऊन दिली होती. मी फोनवर विचारलं, तेव्हा त्यांनी लपवलं नाही. म्हणाले, दोन लाख किलोमीटरच्या वर झाली आहे, बघून घ्या.

मी घरात येऊन तिला सांगितलं, "गाडी चांगली हाय म्हन्ते, पर दोन लाखाच्या वर पळालेली हाय."

ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "पळालेलीच आनायची व्हती तर तवाच आनायची. मला काहून केली?"

असं तिचं बोलणं. मी म्हणालो, "चल, तूबी पाहून घे. मागून बोल लावशील."

"म्या काय पाहू त्याच्यात? चाकं चार हायेत का मोजू?"

पण आली. चांगलं लुगडं नेसून आली.

औंढ्याला उतरल्यावर आधी देवळात गेलो. गाभाऱ्यात उतरायला तिचे गुडघे तयार नव्हते, म्हणून तिनं बाहेरूनच हात जोडले आणि मला म्हणाली, "तुमी जा खाली, माझंबी सांगा." मी गेलो. काय सांगायचं ते सुचलं नाही, तसाच वर आलो.

गुरुजींच्या अंगणात गाडी उभी होती. मी बॉनेट उघडलं, इंजिन चालू करून तेलाचं झाकण काढलं. धूर फेकत नव्हतं. म्हणजे इंजिन अजून धडधाकट होतं. टायर निम्मे झाले होते. पत्रा एका दारावर ठोकून सरळ केलेला होता, ते मी बोट ठेवून दाखवलं. गुरुजी म्हणाले, "म्हैस आली होती आडवी." गाडी जास्त पळाली म्हणून लोक घाबरतात. मी घाबरत नाही. रोज चालणारी गाडी बरी, उभी राहिलेली गाडी सडते. आणि गुरुजी गाडी कशी चालवतात ते मला ठाऊक होतं. सायकलवाला त्यांना मागं टाकून जायचा.

आम्ही हिंगोली रोडनं एक चक्कर मारली. मी चालवायला, ती माझ्या शेजारी, गुरुजी मागं. चढाला क्लच घसरत होता. इंजिन आवाज करी आणि गाडी जागेवरून हलायला वेळ घेई. ते मी मनात ठेवलं. तिचं लक्ष दुसरीकडंच होतं. सीटच्या फटीत बोट घालून ती काहीतरी काढत होती. पाहतो तर तळहातावर तांदळाचे दाणे, हळद-कुंकू लागलेले.

"गुरुजी, ह्या सीटात तर खिचडीपुरते तांदूळ निघतील."

मागून गुरुजी हसले. "वहिनी, अक्षता आहेत त्या. लग्नांना जाऊन आलेली गाडी आहे. शुभ असतं."

"अन् दहाव्याला जाता तवा कशात जाता?"

"हिच्यातच."

"मंग काळे तीळबी सापडतील. हुडकते."

मला हसू आवरेना. गुरुजींना तर ठसकाच लागला. तिनं दाणे खिडकीतून टाकले नाहीत, पदराच्या टोकाला बांधून घेतले.

परत आलो. मी खाली उतरून मीटरकडं आणि चाकांकडं पुन्हा एकदा पाहत होतो. गुरुजींच्या बायकोची आत-बाहेर ये-जा चालली होती, कप भरून आण, कप उचलून ने. आमची ही दाराला धरून सावकाश गाडीतून उतरत होती. गुरुजींनी विचारलं, "मग वहिनी, काय ठरवलं?"

ती म्हणाली, "राहू द्या."

मी ते ऐकलं आणि माझ्यापुरती गाडी संपली. वाईट वाटलं, पण फार नाही. गुरुजी म्हणाले, "बरं." मीपण म्हणालो, "बरं, मंग येतो." फाट्यापर्यंतच्या एसटीत ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. गाडीचा विषय मी पुन्हा काढला नाही, तिनं पण काढला नाही. दुसऱ्या गाड्या निघतील, असं मनात होतं.

त्याच आठवड्यात ती गेली. सकाळी अंगणात डाळ पाखडत बसली होती. सूप खाली ठेवलं आणि भिंतीला टेकली. मी विचारलं, "चक्कर आली का?" तिनं उत्तर दिलं नाही. शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये हिंगोलीला नेलं. डॉक्टर म्हणाला, घरीच संपलं होतं. भेटायला आलेल्यांपैकी एक जण म्हणाला, दारात गाडी असती तर. मी त्याला तिथंच गप केलं. विमान असतं तरी उपयोग नव्हता. लोकांना तोंड असतं म्हणून ते उघडतात.

बाकीचं लिहीत नाही. ज्याचं माणूस गेलं त्याला ते माहीत आहे, आणि ज्याचं गेलं नाही त्याला लिहून कळणार नाही.

तेरवी झाली. पोरगं पुण्याला परत गेलं, जाताना माझे कपडे भरायची गोष्ट काढून गेलं. पोरगी थांबली. मग एक दिवस गुरुजी एकटेच भेटायला आले. बसले, चहा घेतला, तिच्या अक्षतांची आठवण काढली. निघायच्या वेळी चप्पल घालता घालता म्हणाले, "दादा, अशा वेळी बोलू नये, पण तुम्हाला सांगायला हवं. गाडी अजून ठेवली आहे."

"ठेवली म्हन्जे?"

"वहिनी म्हणाल्या होत्या ना, राहू द्या. म्हणून राहू दिली. मध्ये दोघं जण येऊन गेले, त्यांना मी नाही म्हणालो. आता तुमचं मन नसेल तर तसं सांगा, मी एका शब्दानं बोलणार नाही. पण त्यांचा शब्द होता, म्हणून विचारल्याशिवाय काढली नाही."

मी म्हणालो, "गुरुजी, ती नगं म्हनली व्हती."

"नको कुठं म्हणाल्या? राहू द्या म्हणाल्या."

"तेच की."

"अहो, तेच कसं? राहू द्या म्हणजे ठेवा."

आम्ही दोघं म्हातारे दारात उभे राहून एकमेकांना मराठी शिकवत होतो. पोरगी चुलीपासून उठून आली. शेवटी गुरुजी म्हणाले, तुम्ही विचार करा, आणि गेले.

विचार काय करायचा? तिचा सगळा संसार त्या दोन शब्दांवर चालला होता. ताटात भाकरी वाढली आणि ती राहू द्या म्हणाली, की पोट भरलं. हिंगोलीच्या दुकानात लुगड्यांचा ढीग समोर पडलेला असायचा. त्यातल्या एकावर हात ठेवून राहू द्या म्हणाली, की दुकानदार तेवढं बाजूला ठेवून बाकीची घड्या घालायचा. पोराच्या लग्नात बँड सांगायचा का म्हटलं तर राहू द्या म्हणाली, आणि बँड आला नाही. म्हातारी गाय विकायची का म्हटलं तर राहू द्या म्हणाली, आणि ती गाय आमच्याच गोठ्यात मेली. इतकी वर्षं मला एकदाही अडलं नव्हतं. तिचं तोंड समोर असायचं, कळायचं. आता तोंड नव्हतं, नुसते शब्द उरले होते, आणि त्यांचा अर्थ मला लागत नव्हता.

पोरगी म्हणाली, "बापू, मायला नगं असलं तर माय नगं म्हनायची. तिला काय भेव व्हतं का कुनाचं?"

"परक्याच्या दारात न्हाई म्हनायची. त्याच्या वस्तूला नाव ठेवल्यावानी व्हते. तितं ती राहू द्याच म्हनायची."

"मंग तांदूळ पदराला काहून बांधले? नगं असलेल्या गाडीतलं कोन बांधून आनते?"

"अक्षता व्हत्या. पायाखाली येऊ नये म्हून आनल्या."

"तुमाला कायबी सांगा, तुमचं उलटंच."

"तुझी मायबी हेच म्हनायची."

ती हसली आणि मग रडली. मी बाहेर जाऊन बसलो.

संध्याकाळी पोराचा फोन आला. बहिणीनं त्याला सांगितलं होतंच. "बापू, दोन लाख पळालेली गाडी कोन घेते? अन् आता तुमाला गाडी कशाला पाहिजे? कुठं जायचं हाय? मी पुढच्या महिन्यात येतो, तुमी चला इकडं."

"तुझ्या मायनं गाडी ठेवायला सांगितली असंल तर?"

"असंल तर म्हन्जे? सांगितली का न्हाई?"

तेच तर कळत नव्हतं. मी म्हणालो, पाहतो.

खरं सांगायचं तर माझा जीव तिथंच अडकला होता. तिनं घ्या म्हटलं असेल तर ती गाडी घ्यायलाच पाहिजे होती, मग इंजिन हातात आलं तरी चालेल, आणि मग मी इथंच राहणार होतो. तिनं नको म्हटलं असेल तर गाडी नाही, आणि गाडी नाही तर आज ना उद्या पुणं. पोराच्या घरी मला काही तकलीफ झाली नसती. सून चांगली आहे. पण तिथं मी काय करणार होतो? सकाळी उठून खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्या पाहणार होतो.

शेवटी मला आठवलं की त्या वेळी अंगणात आणखी एक माणूस होतं. गुरुजींची बायको. बाईचं बोलणं बाईला बराबर कळतं. आवाजावरून तिला समजलं असेल. दुसऱ्या दिवशी फाट्यावर जाऊन उभा राहिलो आणि मिळेल त्या जीपनं औंढ्याला गेलो.

गुरुजी कुणाच्या तरी वास्तुशांतीला गेले होते, नव्या गाडीनं. जुनी अंगणात होती, वर चादर टाकलेली. त्यांच्या बायकोनं मला पाहून डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, "दादा, मी यायला हवं होतं. जाऊबाई दवाखान्यात होत्या."

"ते असू द्या, ताई. मी एक इचारायला आलो. त्या दिवशी ती गाडीतून उतरली अन् राहू द्या म्हनली. तुमी तिथंच व्हत्या. ती कशी म्हनली? ठेवा अशी म्हनली, का नगं अशी?"

तिला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला, आणि ती पायरीवर बसली.

"अहो दादा, ते तर मला म्हणाल्या."

"तुमाला काय?"

"मी ओटी भरायला नारळ आणि खण घेऊन आले होते. तेवढ्यात त्या उतरत होत्या. माझ्या हातातलं ताट बघून म्हणाल्या, राहू द्या. म्हणजे कशाला ते, असं. आमचे हे काय विचारत होते ते त्यांनी ऐकलंसुद्धा नसेल."

"मंग? भरली का ओटी?"

"भरली की. मी कुठं ऐकते. ती काय, ओट्यावर बसवून भरली. तुम्ही चाकाशी वाकला होतात."

तो नारळ माझ्या लक्षात होता. मी तो देवळातला समजून फोडला होता. खोबऱ्याची चटणी करून आम्ही दोघांनी खाल्ली होती. तो कुठून आला हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

बाई म्हणाली, "यांना सांगते मी. उगीच तुम्हाला घोर लावला."

मी म्हणालो, "त्यांची काय चूक? मीबी तसंच ऐकलं."

चहा घेतला. निघताना गाडीकडं एकदा पाहिलं, चादर उचलली नाही.

परत येताना जीप मिळायला फार वेळ लागला. औंढ्याबाहेर रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसलो होतो. वाटलं होतं, खरं कळल्यावर डोकं हलकं होईल. तसं झालं नाही. त्या दोन शब्दांवरून आम्ही भांडत होतो तोवर ती भांडणात होती. मी म्हणत होतो नगं, पोरगी म्हणत होती घ्या, आणि मधे ती होती. आता कळलं की गाडीबद्दल ती काहीच बोलली नव्हती. घ्या पण नाही आणि नको पण नाही. ती खण-नारळाला नाही म्हणाली, आणि तेही कुणी ऐकलं नाही.

पहिल्यांदा राग आला. इतका वेळ गाडीत बसलीस, तांदूळ वेचलेस, गुरुजींना हसवलंस, एक शब्द गाडीबद्दल बोलली असतीस तर काय झालं असतं? मग राग गेला. घरी आल्यावर सांगणार असेल. किंवा मी विचारेन म्हणून थांबली असेल. किंवा तिला वाटलं असेल, हा जन्मभर गाड्या हाकलेला माणूस, ह्याला गाडीतलं मी काय सांगू. तिच्या मनातलं आता कुणीच सांगणार नव्हतं. जीप आली. पुढच्या सीटवर जागा होती, पण मी मागं बसलो.

घरी आल्यावर पोरीनं विचारलं, "काय म्हनल्या?"

"तुझी माय गाडीला कायबी म्हनली न्हाई."

मी तिला ओटीचं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मंग आता?"

"आता काय. मलाच पाहावं लागंल."

"पुण्याला दादाला काय सांगू?"

"सांगू नको. मी सांगतो."

दिवस अजून बाकी होता. मी अंगणात बसून विचार केला, पण ह्या वेळी गाडीचाच केला. इंजिन चांगलं. टायर अजून काही दिवस काढतील. क्लच गेलेला. दारावरचा पत्रा म्हशीचा. आणि माझा विचार केला. डोळे ठीक, हात ठीक, कंबर चार चाकांवर बसायला हरकत नाही. पोरगी कळमनुरीला आहे. साखऱ्याला माझा मेहुणा, तिचा भाऊ आहे, आजारी असतो, तिच्या माघारी त्याच्याकडं कोण जाणार? तिच्यासाठी गाडी घ्यायची होती हे खरं, पण ती घेतली असती तर चालवणारा मीच होतो. गुडघे तिचे होते आणि हौस माझी होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तिच्या नावावर मी होय पण म्हणू शकत नव्हतो आणि नाही पण म्हणू शकत नव्हतो. जे काय म्हणायचं ते माझंच म्हणावं लागणार होतं, आणि त्याची मला सवय नव्हती. जेवलो आणि लवकर झोपलो.

सकाळी उठून तोंड धुतलं आणि गुरुजींना फोन केला. त्यांना बायकोनं सगळं सांगितलं होतं. ते बिचारे माफी मागायला लागले.

मी म्हणालो, "ते सोडा. गाडी मी घेतो. पर क्लच तुमी बदलून द्यायचा."

 मग गुरुजी म्हणाले, "अहो दादा, तुमच्यासाठी दोन गिऱ्हाइकं परत लावली मी."

"ते तुमच्या कानाचं काम हाय. क्लचचं बोला."

"अर्धा-अर्धा करू."

"चढाला गाडी चढत न्हाई, अन् अर्धा-अर्धा? अर्ध्या क्लचवर म्या अर्ध्या चढापतोर जाऊ का?"

ते हसले. म्हणाले, बरं, बदलून देतो. मी म्हणालो, मिस्त्री माझा, दुकान मी सांगेन ते. त्यालाही हो म्हणाले.

मग पुण्याला फोन लावला. पोरगं ऑफिसला निघालं होतं. त्याला सांगितलं की गाडी घेतली, मी हितंच हाय, तुला वाटंल तवा ये, हिंगोली स्टेशनावर घ्यायला येईन. तो बराच वेळ बोलला. मी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "मायनं सांगितलं व्हतं का ठेवायला?"

"न्हाई. मीच घेतली."

फोन ठेवून मी पत्र्याच्या शेडकडं गेलो. तिथं तुरीच्या वाळक्या काड्या, तुराट्या, रचून ठेवल्या होत्या, वरपर्यंत, आणि गाडी सावलीत लावायला तेवढीच जागा होती. पोरगी दारातून म्हणाली, "बापू, कंबर धरंल. मानूस बोलवू का?"

मी पहिली पेंढी उचलली आणि तिला म्हणालो, दुसरं टोक धर.